एका न सापडलेल्या दोषाचा इतिहास

नोव्हेंबर २०१४. लिनक्स या संगणकप्रणालीची ३.१८ ही आवृत्ती प्रकाशनाच्या उंबरठ्यावर होती आणि डेव्ह जोन्स यांचे चाचणीचे एक यंत्र वारंवार गोठत होते. जोन्स त्या वेळी रेड हॅट कंपनीत कर्नेलचे काम पाहत. कर्नेल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. स्मृती, चकत्या, जाळे आणि वेळ या सगळ्यांवर त्याचा ताबा असतो. साधा प्रोग्रॅम बिघडला तर कर्नेल त्याला बाहेर काढतो. पण कर्नेलच बिघडला तर त्याला बाहेर काढणारा कोणी नसतो.

युनिक्सच्या जनकांना ही अडचण पहिल्यापासून ठाऊक होती आणि तिच्यावरचा त्यांचा उपाय विलक्षण सरळ होता. युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या प्रणालीवर काम केलेले टॉम व्हॅन व्हलेक यांनी एक आठवण नोंदवली आहे. मल्टिक्समधला निम्मा मजकूर चुका सावरण्यासाठीच लिहावा लागतो, असे त्यांनी एकदा डेनिस रिची यांना सांगितले. रिची म्हणाले, आम्ही ते सगळे गाळले. चूक झाली की ‘पॅनिक’ नावाचा एक उपक्रम चालतो, यंत्र बंद पडते, आणि मग बाहेरच्या वऱ्हांड्यात ओरडून सांगायचे की कोणीतरी ते पुन्हा चालू करा. एका इमारतीत एक यंत्र होते तोवर हे चालून गेले. पुढे तोच वारसा जगभरच्या यंत्रांत पोहोचला, आणि ‘का कोसळले?’ हा प्रश्न वऱ्हांड्यात ओरडून सुटेनासा झाला.

त्या प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे मुद्दाम कोसळवणे. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर वादळी पावसात घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. तारेतल्या खरखरीमुळे मजकुरात भलतीच अक्षरे घुसत होती. त्याचे त्यांना नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्या अक्षरांनी रोजच्या वापरातले प्रोग्रॅम कोसळत होते याचे. त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावले: प्रोग्रॅमांना निव्वळ निरर्थक अक्षरे भरवा आणि काय होते ते पाहा. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तपासलेल्या युनिक्सच्या प्रत्येक प्रकारात २५ ते ३३ टक्के प्रोग्रॅम कोसळले किंवा अडकून पडले. या पद्धतीला मिलर यांनी ‘फझ’ असे नाव दिले.

जोन्स यांचे ‘ट्रिनिटी’ हे साधन याच घराण्यातले, फक्त अधिक धूर्त. कर्नेलकडे काम मागायचे तर ‘सिस्टीम कॉल’ करावा लागतो. त्यात वाटेल ते आकडे टाकले तर कर्नेल दारातच नकार देतो. म्हणून ट्रिनिटी जवळजवळ बरोबर असे अर्ज करते. जिथे फाइलचा क्रमांक हवा तिथे खरोखरच्या फाइलचा क्रमांक देते आणि बाकीच्या रकान्यांत गडबड करते. कचेरीतल्या कारकुनाला कोरा कागद दिला तर तो परत करतो. नीट भरलेल्या अर्जात एकच रकाना खोटा असेल तर तो आत पोहोचतो. असे अर्ज तासन्‌तास, अनेक प्रक्रियांतून एकाच वेळी होत राहतात.

जोन्स यांचे यंत्र गोठले की पडद्यावर सॉफ्ट लॉकअपची तक्रार येई: अमुक प्रोसेसर २२ सेकंद अडकून आहे. कर्नेलमध्ये एक पहारेकरी असतो. प्रोसेसरचा एखादा भाग ठरावीक वेळ इतर कामांना वाव देईनासा झाला की तो बोंब मारतो आणि त्या क्षणी कोणते काम कोणाच्या सांगण्यावरून चालले होते, त्याची उतरंड छापतो. बहुतेक तपास या उतरंडीपासूनच सुरू होतात. पण इथे ती उतरंडच दिशाभूल करत होती. अनेकदा तिच्यात दिसे तो प्रोसेसर दुसऱ्या प्रोसेसरच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असे. म्हणजे पंचनाम्यात नाव येई ते खोळंबलेल्याचे. खोळंबा करणाऱ्याचे नव्हे.

मग दुसरा मार्ग उरला. जुनी आवृत्ती चांगली होती आणि नवी बिघडली असेल, तर मधल्या कोणत्या बदलाने घात केला? दोन आवृत्त्यांमध्ये त्या काळी अकरा-बारा हजार बदल होत. गिट या साधनात त्यासाठी ‘बायसेक्ट’ ही सोय आहे. वर्षभराच्या रद्दीत एखादे सदर कधी सुरू झाले ते शोधायचे असेल तर आपण ढिगाच्या मध्यावरचा अंक काढतो. सदर त्यात असेल तर मागे जायचे, नसेल तर पुढे. दर खेपेस ढीग निम्मा होतो. बारा हजार बदलांसाठी अशा फार तर १४ खेपा पुरतात.

मात्र या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे: प्रत्येक अंकाकडे पाहून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे खात्रीने सांगता आले पाहिजे. दोष मर्जीप्रमाणे उगवणारा असेल तर ‘आहे’ हे उत्तर पक्के असते, ‘नाही’ हे कधीच नसते. समजा, सदोष कर्नेल सरासरी आठ तासांत एकदा गोठतो. तो २४ तास चालवला आणि गोठला नाही, तरी निर्दोष म्हणता येत नाही. निव्वळ योगायोगाने तो तगून जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. एका खेपेस ५ टक्के ही जोखीम क्षुल्लक वाटते. पण अशी अनेक उत्तरे एकावर एक रचली की ती वाढत जाते, आणि एकच ‘नाही’ खोटे निघाले तर पुढचा सारा शोध चुकीच्या निम्म्यात चालतो. एका उत्तराला एक दिवस धरला तरी १४ खेपांना दोन आठवडे लागतात.

जोन्स यांच्या वाट्याला नेमके हेच आले. ३.१८ मधला समजलेला दोष ३.१७ मध्येही असल्याचे दिसले आणि शोधाचा आवाका मागे सरकला. त्याच वेळी लिनस टोरवाल्ड्स यांना निर्णय घ्यायचा होता. उकल होईपर्यंत सगळ्या जगाला थांबवायचे का? ७ डिसेंबर २०१४ रोजी त्यांनी ३.१८ प्रकाशित केली आणि सोबतच्या पत्रात काही जणांना छळणारा हा प्रश्न अजून सुटलेला नाही, असे स्पष्ट लिहिले. एक-दोघे जुन्या दोषाचा माग काढत असताना बाकीच्यांना हातावर हात ठेवून बसवण्यात अर्थ नाही, हे त्यांचे कारण. दोष लपवून प्रकाशन करणे सोपे असते. दोष सांगून प्रकाशन करायला जाहीरपणे ‘जमले नाही’ म्हणावे लागते.

पुढे संशयाची सुई घड्याळाकडे वळली. संगणकात वेळ मोजणारी एकाहून अधिक साधने असतात. त्यांतले एचपेट हे एका सेकंदाला सुमारे १ कोटी ४३ लाख ठोके मोजते. ३२ बिटांचा त्याचा मोजक जवळजवळ ३०० सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. असा मोजक एखादा ठोका जरी मागे सरकला, तरी वजाबाकीत तो पाच मिनिटे पुढे गेल्यासारखा दिसू शकतो. आणि वेळच चुकली तर कशाचा भरवसा धरायचा? ‘२२ सेकंद झाली’ म्हणून ओरडणारा पहारेकरीही अखेर घड्याळाकडे पाहूनच ओरडतो.

हा संशय निर्विवाद सिद्ध झाला नाही. जोन्स यांची नोकरी बदलत होती आणि ते यंत्र परत करायची वेळ आली. दोष दिसत होता त्या यंत्रालाच तपास मुकला. तरीही हाती काही लागले नाही असे म्हणता येणार नाही. २०१५ साली जॉन स्टल्ट्झ यांनी कर्नेलच्या कालगणनेत नवे पहारे बसवले. घड्याळ मागे सरकले किंवा अशक्य वाटावी एवढी उडी मारली, तर ते वाचन आवरते घ्यायचे आणि तशी नोंद करायची. गुन्हेगार सापडला नाही, पण त्या वाटेवर दिवा लागला.

त्याच सुमारास गूगलमध्ये दिमित्री व्यूकोव्ह यांनी ‘सिझकॉलर’ सुरू केले. कर्नेल कोसळला की ते तिथेच थांबत नाही. शेवटचे शेकडो अर्ज पुन्हा चालवून पाहते, अनावश्यक ते एकेक गाळते आणि शक्य झाल्यास दोष हटकून घडवणारा छोटासा प्रोग्रॅम हाती देते. ट्रिनिटीतही यादृच्छिक आकड्यांचे बीज नोंदवून तेच अर्ज पुन्हा करता येत. पण अनेक प्रक्रिया एकमेकींशी शर्यत लावतात तेव्हा तेच बीज पेरूनही तेच पीक येत नाही. २०१७ पासून ‘सिझबॉट’ हे काम रात्रंदिवस करतो आहे. त्याच्याही यादीत पुनर्घटन न जमलेले दोष आहेतच.

वऱ्हांड्यात ओरडण्यापासून इथवर यायला जवळपास पाच दशके लागली. या प्रवासात सुटलेल्या कोड्यांची नोंद कर्नेलच्या बदलांत आपोआप होते. न सुटलेल्यांची नोंद कोणीतरी मुद्दाम करावी लागते. ७ डिसेंबरच्या त्या पत्रात ती केली गेली, म्हणून हा इतिहास सांगता आला.