परिधेय साधने (स्मृतिभ्रंशातील)

स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा आकलनशक्ती खालावलेल्या वृद्धांना स्वतःच्या घरी राहता यावे, यासाठी अंगावर बाळगायची साधने. मनगटी घड्याळ, लॉकेट, घोट्याचा पट्टा, बुटाचा सोल अशी त्यांची अनेक रूपे आहेत. पडल्याची वर्दी देणे, वाट चुकलेल्याचा ठावठिकाणा लावणे आणि घडून गेलेले आठवायला मदत करणे ही त्यांची मुख्य कामे. मूळ आजारावर त्यांचा परिणाम होत नाही.

यांतले सर्वांत रुळलेले साधन म्हणजे गळ्यातले मदतीचे बटण. बोस्टनचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ मध्ये ‘लाइफलाइन’ ही सेवा सुरू केली. बटण दाबले की टेलिफोनवरून मदतकेंद्राला वर्दी जाई. अडचण अशी, की पडल्यावर बटण दाबायचे हेही लक्षात राहावे लागते. इंग्लंडमधील केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांच्या पाहणीत (२००८) असे दिसले, की पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्या बहुतेकांनी हाताशी असलेली गजरसोय वापरलीच नव्हती. आणि इतका वेळ पडून राहण्याचा संबंध आकलनदोषाशी होता. ज्याला आठवत नाही त्याच्याकडून आठवणीची अपेक्षा करणारे साधन कुचकामी, हा निकष पुढच्या प्रत्येक साधनाला लावून पाहावा.

२०१८ च्या ॲपल वॉच सीरिज ४ मध्ये पडणे आपोआप ओळखण्याची सोय आली. हातावरचा संवेदक आदळण्याची नोंद घेतो आणि नंतर सुमारे मिनिटभर हालचाल झाली नाही, तर घड्याळ स्वतः आपत्कालीन सेवेला फोन लावते. मात्र खुर्चीवरून हळूच घसरणे सुटू शकते, आणि घड्याळ वरचेवर चार्ज करावे लागते. ते काम अर्थातच घरच्यांवर येते.

हरवलेल्यांच्या शोधासाठी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक येथे १९९९ पासून ‘प्रोजेक्ट लाइफसेव्हर’ ही संस्था रेडिओ पट्टे वापरते. जपानमधील इरुमा शहराने २०१६ मध्ये नखावर चिकटवायचा जेमतेम सेंटिमीटरभर क्यूआर कोड दिला. मुंबईतही क्यूआर लॉकेटे निघाली आहेत. क्यूआरच्या या साधनांना चार्जिंग लागत नाही. पण कोड वाचायला थांबून मोबाइल काढणारा वाटसरू लागतो.

आठवणीच्या बाबतीत केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा ‘सेन्सकॅम’ हा सर्वांत लक्षवेधी प्रयोग. गळ्यात अडकवलेला हा कॅमेरा उजेड बदलला किंवा समोर माणूस आला की आपोआप छायाचित्र घेई. बटणाला हात लावावा लागत नसे. ॲडनब्रुक्स रुग्णालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील त्रेसष्ट वर्षांच्या बाईंची स्मृती मेंदूदाहाने गेली होती. पतीबरोबर ही चित्रे पुन्हापुन्हा पाहिल्यावर त्यांना बहुतेक महत्त्वाचे प्रसंग आठवू लागले, आणि पाहणे थांबवल्यावर काही महिन्यांनीही ते टिकून होते. लेखी रोजनिशीने इतके साधले नव्हते. अर्थात हा एकाच रुग्णाचा आणि वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळ्या आजाराचा दाखला आहे.

माग ठेवण्याला संमती कोणाची, हा वादाचा मुद्दा आहे. आजाराच्या सुरुवातीला, समजते आहे तोवर त्या व्यक्तीलाच विचारून ठेवणे रास्त. स्वतःला काढता न येणारा पट्टा हरवणे टाळतो खरा, पण तो बंधनच असतो.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची देखभाल प्रामुख्याने कुटुंबच करते. मुले परदेशी असतील तर वर्दी त्यांच्या मोबाइलवर जाते आणि तेथून शेजाऱ्यांना फोन येतो. म्हणून साधन घेतानाच घराची दुसरी किल्ली शेजारी देऊन ठेवावी लागते.