कोंड्याचा मांडा

‘कोंड्याचा मांडा करणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे गृहिणीच्या कौतुकासाठी वापरतात. मांडा म्हणजे पालथ्या खापरावर भाजलेले, कागदासारखे पातळ पक्वान्न; आणि कोंडा म्हणजे पीठ चाळल्यावर चाळणीत मागे राहते ते. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कोंडा गोड मानून घ्या असे कोणी म्हटले, की ‘मग पीठ कोणाकडे गेले?’ हा प्रश्न आमच्या तोंडी आपसूक येतो. तरीही आज केवळ तक्रार मांडायची नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा ही खरोखरच चवीची वस्तू आहे, आणि तिचा इतिहास कोणत्याही राजवाड्यातल्या पक्वान्नापेक्षा कमी नाही.

प्रथम भाकरीविषयी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात मळून, हाताने थापावे लागते. ताजी भाकरी पापुद्रा धरून फुगते. रात्र उलटली की तीच कडक होऊन हातात मोडते. हा तिचा दोष खरा, पण कुस्कऱ्याचे सारे रहस्य या दोषातच आहे. भाकरी बारीक कुस्करायची, ताकाचा किंवा पाण्याचा हबका मारायचा, आणि मोहरी, कांदा, हिरवी मिरची यांच्या फोडणीत टाकून झाकण ठेवायचे. ताज्या भाकरीचा याच रीतीने गोळा होईल. भाताचेही तसेच, कालच्या भाताची शिते सुटी होतात म्हणूनच फोडणीचा भात जमतो. ब्राह्मणी घरांत फोडणीच्या पोळीला ‘माणिकपैंजण’ असे नटवे नाव आहे. कष्टकऱ्यांच्या घरांत तिला नाव ठेवायला सवड नव्हती!

यांतली मिरची मात्र आपली नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून आली. ज्या ठेच्याला आपण मराठी मातीचे प्रतीक समजतो, तो ज्ञानेश्वरांच्या काळी या मातीत कोणी चाखला नसेल. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजच. तेव्हा स्थानिक अन्न म्हणजे अनादि काळापासूनचे अन्न, हा समज सोडून द्यावा. इथल्या हातांनी जे आपलेसे केले ते स्थानिक, एवढेच आम्ही मानतो.

आता गिरणगावाकडे येऊ. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापली. तेव्हापासून कोकणातला भात खाणारा आणि घाटावरचा भाकरी खाणारा एका चाळीत येऊन राहिला. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्य उगवताना सुरू होई व मावळताना थांबे. विसाव्या शतकाच्या आरंभी दिवे आले, आणि दिवस आणखी लांबला. कायद्याने प्रौढ पुरुषाचे काम १९११ साली १२ तासांवर, १९२२ साली ११ तासांवर आणि १९३४ साली १० तासांवर आणले. हे आकडे शिळ्या भाकरीच्या इतिहासाचे आहेत, असे म्हटले तर श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु भोंग्याच्या आधी उठून, नळावर रांग लावून, शेगडी पेटवून ताजी भाकरी थापणे ज्या बाईला शक्य नव्हते, तिच्या घरी सकाळची न्याहारी रात्रीच थापलेली असे. आणि ती बाई स्वतःही अनेकदा गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला असे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० च्या जूनपासून रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीबद्दल बोलताना पुढारी विश्रांतीचा उल्लेख करतात. आम्हांला त्यात तव्यावरून थेट ताटात पडणारी भाकरी दिसते.

किती खायला मिळे? १९२३ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने मजुरांच्या घरखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा, की मजुराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमांनी ठरवलेल्या कमाल प्रमाणाएवढे आहे, पण तुरुंगाच्या नियमांतील शिध्यापेक्षा कमी आहे. हा शोध सभेतल्या एखाद्या वक्त्याचा नव्हे, सरकारी दप्तराचा आहे. ज्या घरी कैद्याहून कमी धान्य शिजते, त्या घरी ‘उरलेले’ हा शब्द जपून वापरावा लागतो. तिथे भाकरी उरत नसे, उरवली जाई. आणि ती कोण उरवी, हे सांगायला नको.

एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठी खानावळी होत्या. एक बाई, दहा-पंधरा मेंबर, महिन्याकाठी हिशेब. पगार झाला की पैसे, तोवर वाण्याची उधारी नाहीतर सावकाराचे भारी व्याज. या बायकांच्या हातचे कसब आम्ही फार मोठे मानतो. सणाला पुरण घातले, की डाळीचे वरचे पाणी फेकायचे नाही. चिंच, गूळ, काळा मसाला आणि चिमूटभर पुरण घालून त्याची कटाची आमटी. कोणी तिला येळवणी म्हणतात. ती दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, आणि भातावर तिच्यापुढे ताजे वरण फिके वाटते. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी कणकेत. फणसाच्या आठळ्या भाजीत. कोलंबीच्या मूठभर सोड्यांवर कांदा-बटाट्याचे कालवण सहा ताटांना पुरवायचे, हे तर अर्थशास्त्रच होय.

संपाच्या काळात ही खानावळवाली संपाची सावकार होई, तीही बिनव्याजी. मेंबराचे पैसे थकत आणि ताट वाढले जाई. संपाच्या इतिहासांत पुढाऱ्यांची नावे आहेत, हिचे नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच भाकरी थापण्याला धंदा म्हणून मान मिळाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. महिने लोटले तसे मेंबर गावी निघून गेले. त्यांची थकबाकी बायकांच्या वहीतच राहिली.

आज गिरण्यांच्या जागी मॉल उभे आहेत. शहरातल्या हॉटेलांत मातीच्या ताटलीत भाकरी-ठेचा मिळतो, आणि कुस्कराही अधूनमधून मिळतो. तो खावा, मजेने खावा. मात्र एक विचारावे : आत बसून भाकरी थापणाऱ्या बाईला तासाचे काय मिळते, आणि तिची स्वतःची भाकरी ताजी आहे का?