खटावची वाट आणि कोलंबियांतील निबंध

फलटणच्या दक्षिणेस खटाव तालुका लागतो. तेथील गोरेगांवीं वडिलांकडे निघालेलीं कांहीं मुलें १९०१ सालीं मसूर स्थानकावर उतरलीं. जात कळतांच गाडीवाले मागें सरले. अखेर दुप्पट भाडें ठरलें. गाडी मुलांनीं हांकावी, गाडीवानानें पायीं चालावें. रात्रभर पाणी मिळालें नाहीं.

त्या मुलांपैकीं भीमराव आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. ९ मे १९१६ रोजीं डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गांत त्यांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला. मसूरचा त्यांत उच्चारही नाहीं. ऐकणारांस त्या रात्रीची कल्पना असण्याचें कारण नव्हतें.

त्याच न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत जातीचीं दोन लक्षणें सांगितलीं होतीं: जन्मानेंच सभासदत्व, आणि जातीबाहेर विवाहबंदी. आंबेडकरांनीं केतकरांचा गौरव केला, पण लक्षण एकच ठेवलें. बाहेरचा विवाह बंद केला कीं जन्माची अट आपोआप आलीच! हें कुंपण राखण्याची किंमत मात्र सती, सक्तीचें वैधव्य व बालविवाह या रूपांनीं स्त्रियांकडून वसूल झाली, हें त्यांचें विवेचन निबंधाचें खरें मर्म होय. परक्यांपुढें घरचें उणें मांडतांना त्यांनीं रडगाणें गाइलें नाहीं, कीं सारवासारवही केली नाहीं.

मे १९१७ मध्यें 'इंडियन अँटिक्वेरी'नें तो निबंध छापला, तेव्हां कोठें तो मायदेशीं वाचावयास मिळाला.