फौज, गिरणी आणि घर : न बोललेल्या पिढीचा इतिहास

नांदेडात नामांतराच्या लढ्याचा विषय निघाला की पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे ही नावे आपल्या ओठांवर येतात. यायलाच हवीत. पण फौजेतून सुटून गिरणीत लागलेला, पाळी संपली की सरळ घरी येणारा, सभेत मागच्या सतरंजीवर बसणारा माणूस आपल्या इतिहासात कुठे आहे? 'नोकरी सांभाळत बसला' असा शेरा मारून आपण त्याला निकालात काढतो. आम्हाला हा शेरा मान्य नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर पेन्शन गेली आणि पलटणीतली शाळाही गेली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते मुलाला रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिने गहाण ठेवले. तेही घर सांभाळणारे निवृत्त फौजीच होते. त्यांच्याबद्दल हाच शेरा मारण्याची कुणाची हिंमत आहे?

बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या आपल्या माणसाच्या वाट्याला गावकी, वेठ आणि दारोदार मागितलेली भाकर. त्याला दरमहा रोख पगार मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. ज्याच्या हातात रोख पैसा येतो, त्याला पाटलाच्या दारात उभे राहावे लागत नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला मोठे शब्द आहेत. वस्तीत याला 'पोरगं शाळेत गेलं' म्हणतात.

नांदेडात निजामाच्या नावाची उस्मानशाही मिल होती, लातुरात डाळमिली आणि तेलमिली. गिरणीत जात सुटली, असे मात्र समजू नका. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला आपला विटाळ होई! लाल बावट्याखाली एकत्र संप करणाऱ्यांना हा विटाळ दिसत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनी आठ तासांच्या कामासाठी प्रयत्न केले. कामगाराला संध्याकाळी लेकराच्या पाटीवर नजर टाकायला वेळ मिळाला, त्यामागे हा माणूस आहे. मे दिनाच्या भाषणांत ते क्वचितच ऐकू येते.

आता १९७८ कडे या. २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. गावात सालगडी म्हणून राबणाऱ्याचे काम आणि झोपडी एकाच मालकाच्या मर्जीवर. तो उठला की दोन्ही गेले. लोक गाव सोडून शहरांकडे निघाले. शहरात ज्याचे भाड्याचे का होईना घर होते, पगार होता, त्याच्याच दारात नातलगांची गाठोडी उतरणार. दहा माणसांच्या भाकरी थापणाऱ्या त्या घराने कधी निवेदन दिले नसेल. पण असे घर नसते तर मोर्चाला माणसे कुठून आली असती? लढ्याला खर्च लागतो, आणि तो कुणाच्या तरी पगारातून जातो.

नांदेडची गिरणी बंद पडली. हजेरीची पुस्तके रद्दीत जायला वेळ लागत नाही. म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे : घरात फौजेचे डिस्चार्ज बुक, गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, जयंतीच्या वर्गणीची पावती असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मागे नाव आणि साल लिहा. आजोबा बोलणार नाहीत. आजी असेल तर आधी तिला विचारा : ते सीमेवर होते तेव्हा घर कशावर चालले, आणि शाळेची फी कुणी भरली.