इंगवलीच्या कोंडक्यांचा पोरगा पडद्यावर कसा गेला?

यंदा यात्रेला हिर्डोशीला गेलो होतो. दुपारी जेवून ओसरीवर आडवा झालो आणि मोबाइल वाजला. एका वेब सिरीजसाठी ऑडिशन होती, संध्याकाळी सहापर्यंत सेल्फ-टेप पाठवायची. नाव, वय, उंची, डावी बाजू, उजवी बाजू आणि चार ओळींचा संवाद. चुलतभावाला फोन धरायला लावून गोठ्याच्या भिंतीपुढे तो संवाद मी अकरा वेळा म्हटला. मग व्हिडिओ अपलोड व्हावा म्हणून भोर-महाड रस्त्यानं रेंज मिळेल त्या वळणापर्यंत चालत गेलो. त्या टेपचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

परत आलो तेव्हा काका पायरीवर बसले होते. म्हणाले, "इंजिनियर झालास, पगार हाय. आपल्याकडनं पिक्चरात गेलंय कोण?"

मी म्हटलं, "दादा कोंडके गेले की. त्यांचं मूळ गाव इंगवली. आपल्याच तालुक्यातलं."

"दादांची गोष्ट येगळी," काका म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले.

वेगळी म्हणजे नेमकी कशी, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी सत्तावीस वर्षांचा आहे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी ऑडिशनला जातो. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये चार महिने पडून आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता इतिहासाचा नव्हता.

आधी आपल्या भागाबद्दल. हिर्डोशी हे हिरडस मावळातलं गाव. पाऊस धो धो, भातखाचरं लहान आणि सगळी उताराला. पीक निघून गेलं की हाताला काम नाही. म्हणून भोर, वेल्हे, मुळशीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, गिरण्यांत, गोदीत, बाजारात. माझे आजोबाही लालबागला एका गिरणीत होते. एका गावची वीस-पंचवीस माणसं मिळून एक खोली घेत. पाळीनुसार झोपायचं आणि खानावळीत जेवायचं. गणपतीला आणि शिमग्याला मात्र सगळी गावाकडची. आजोबांची ट्रंक अजून माळ्यावर आहे.

कोंडके कुटुंबही असंच भोर संस्थानातून मुंबईला गेलेलं. पण ते खोलीत पाळीनं झोपणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचं किराणा दुकान होतं, चाळी होत्या, घरातली माणसं बॉम्बे डाइंगमध्ये मुकादमीवर होती. ८ ऑगस्ट १९३२ रोजी नायगावात मुलगा झाला. गोकुळाष्टमीच्या सुमारास जन्मला म्हणून नाव कृष्णा. हाच पुढे दादा.

पोरगा दांडगट होता. गल्लीतल्या मारामाऱ्यांत पुढे असे. मग बँडमध्ये वाजवायला लागला. नोकरी केली ती अपना बाजारमध्ये, महिना साठ रुपयांवर. गिरणी कामगारांच्या वस्तीत उभं राहिलेलं हे सहकारी दुकान. दिवसा दुकान आणि संध्याकाळी सेवादलाचे सांस्कृतिक कार्यक्रम, असा त्यांचा अभ्यासक्रम होता.

राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ ची. त्यांच्या कलापथकांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यात राजकारणावरची टीका भरली. गण, गवळण, बतावणी, वग हा साचा लोकांच्या ओळखीचा होता. वगाची गोष्ट ठरलेली असते, पण बोलणं पुष्कळदा जागेवरच सुचतं. समोरचा हसला तर ताणायचं, गप्प बसला तर गुंडाळायचं. म्हणजे नटाला दर मिनिटाला निकाल कळतो.

याच शाळेतून पुण्यात निळू फुले घडत होते. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करत आणि उरलेला वेळ कलापथकाला देत. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'नं ते पडद्यावर आले. अशोक सराफ तर स्टेट बँकेत नोकरी करत नाटकं करत होते. ही माणसं नोकरीला शत्रू समजत नव्हती. नोकरी भाकर देत होती, संध्याकाळ त्यांची स्वतःची होती.

दादांनी आधी 'खणखणपूरचा राजा' केलं, स्वतःचा संच बांधला. मग वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. दादा त्यात हवालदार. महाराष्ट्रभर हजाराहून जास्त प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगाला पाचशे माणसं जरी धरली तरी पाच लाख होतात. कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याआधी हा माणूस लाखो लोकांपुढे उभा राहिला होता. कोणत्या शब्दाला सोलापूर हसतं आणि कोणत्या शब्दाला दादर, हे त्यांना ठाऊक असणारच.

भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती'त घेतलं ते १९६९ साली. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दादा तेव्हा सदतिशीच्या आसपास होते. हे वाचल्यावर मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. सत्तावीस म्हणजे उशीर झाला, असं मी वर्षभर स्वतःला सांगत होतो.

पुढे त्यांनी दुसऱ्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. १९७१ मध्ये स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या' काढला. लेखन सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, नायिका उषा चव्हाण. लोंबती नाडी, ढगळ अर्धी चड्डी, आईच्या धाकातला भोळा नाम्या. तो पाहताना चाळीतल्या माणसाला आपलं गावच दिसत असेल.

पण चित्रपट तयार होणं आणि लोकांपर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी. दादरच्या कोहिनूर थिएटरनं 'सोंगाड्या'ऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरवलं. तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक उतरले आणि 'सोंगाड्या' लागला. आज अल्गोरिदमच्या नावानं बोटं मोडताना हे आठवतं. दार कोणाच्या हातात आहे हा प्रश्न तेव्हाही होता, फक्त दाराचा मालक समोर भेटत असे.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', मग १९७५ चा 'पांडू हवालदार', ज्याचं दिग्दर्शनही त्यांचंच. रंगभूमीवरचा हवालदार दहाएक वर्षांनी पडद्यावर आला. सोबत बँकवाले अशोक सराफही होते. नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. द्व्यर्थी संवादांवर टीकाही भरपूर झाली. पुढच्या चित्रपटांत बायकांवरचे काही विनोद आज मला पाहवत नाहीत, हेही खरं.

मग काकांचं बरोबर होतं का? काही अंशी हो. दादांच्या घरी दुकान होतं, चाळी होत्या. पडले असते तर हाडं मोडली नसती. शिवाय त्यांच्याबरोबर कलापथकांत नाचलेल्या-गायलेल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. एका दादांकडे बघून राजीनामा टाकणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला विचारून तिकीट काढणं.

आणखी एक गोष्ट बदलली. त्यांचा प्रेक्षक एका जागी होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे ते जगच विस्कटलं. माझे आजोबाही ट्रंक घेऊन हिर्डोशीला परतले ते कायमचे. आज त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. मी गोठ्याच्या भिंतीपुढे संवाद म्हणतो तेव्हा समोर कोणी हसत नाही, कोणी गप्पही बसत नाही. अकराव्या टेकला मी पहिल्यापेक्षा सुधारलो की बिघडलो, हे मला कळायला मार्गच नाही. दादांकडे होतं आणि माझ्याकडे नाही ते हेच. पडद्याला लागणारा चेहरा मी जपत बसलो आणि प्रेक्षक कधी कमावलाच नाही.

ड्राफ्टमधला मेल मी पाठवला नाही, पुसलाही नाही. पुण्यातल्या एका हौशी ग्रुपमध्ये जायला लागलोय. ऑफिस सुटल्यावर तालीम, एका शाळेच्या हॉलमध्ये. पहिल्या प्रयोगाला चाळीसेक माणसं होती. माझ्या दोन वाक्यांपैकी एकाला हशा आला, दुसरं पडलं. का पडलं ते त्याच क्षणी समजलं.

पुढच्या यात्रेत देवळापुढे वग करायचं ठरतंय. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पेट्रोमॅक्स हाय आपल्याकडं. वात तेवढी आण."