बुडालेले दोन हप्ते

परवा शनिवारी रसायनीला घरी गेलो होतो. माळ्यावरची ट्रंक आवरताना बाबांची एक जुनी आयुर्विमा पॉलिसी सापडली. मी जन्मलो त्या वर्षी घेतलेली, दोन वार्षिक हप्ते भरून बंद पडलेली.

"परत किती मिळाले?" मी विचारलं.

"एक छदामही नाही. कारखान्यात पगार लांबले, तिसरा हप्ता जमला नाही. संपलं."

मला वाटलं, फसवलं असणार. शोधायला बसलो तर कळलं, नियमच तसा होता!

१९३८ च्या विमा कायद्यातलं कलम ११३ सांगायचं की सलग तीन वर्षं हप्ते भरले तरच पॉलिसीला 'सरेंडर व्हॅल्यू' येईल, म्हणजे मधेच सोडली तर हातात काही पडेल. आणि पडणार किती? जुन्या पॉलिसींवर सर्रास दिसणारी किमान हमी अशी: पहिल्या वर्षाचा हप्ता सोडून बाकीच्याच्या ३० टक्के. वर्षाला १२,००० रुपये भरले असतील तर ३६,००० मधले ७,२००! पहिला हप्ता का सोडायचा? कारण त्यातलं ३५ टक्क्यांपर्यंत एजंटचं कमिशन असू शकायचं, वर कागदपत्रांचा खर्च.

हे दुखणं आपलंच नाही. १८४४ मध्ये एलिझर राइट या अमेरिकन गणितज्ञाने लंडनमध्ये म्हाताऱ्यांच्या पॉलिसींचा लिलाव बघितला. हप्ते झेपेनात म्हणून पॉलिसी विकायची, आणि घेणारा 'हा कधी मरेल' यावर बोली लावणार! राइट हादरला. त्याच्या खटपटीने १८६१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा झाला: हप्ता थांबला म्हणून भरलेलं सगळं जप्त करायचं नाही.

आपल्याकडे १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. देशमुख आपल्याच रायगडातले, महाडजवळच्या नाते गावचे. २४५ विमा संस्था एकत्र आल्या, १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. लोकांच्या पैशाला सरकारची हमी मिळाली. पण मधेच थांबणाऱ्यासाठी तीन वर्षांची अट तशीच राहिली.

ती २०१९ मध्ये दोन वर्षांवर आली, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षावर. पॉलिसी हातात आल्यावर नको वाटली तर परत करायची मुदतही २०२४ मध्ये १५ ची ३० दिवस झाली. वाहन किंवा आरोग्य विमा एका वर्षाचा असेल आणि क्लेम घेतला नसेल, तर रद्द केल्यावर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम आता त्या प्रमाणात परत मिळतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती तर."

इतकी वर्षं त्यांना तसं वाटत होतं, हे मला माहीतच नव्हतं.