काडतुसांची जबानी

अमेरिकेतील माँटाना प्रांतात, लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी, २५ जून १८७६ रोजी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याच्या हाताखालचे सुमारे २१० घोडेस्वार लाकोटा व शायेन या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांच्या हातून एकूणएक कापले गेले. आणि त्या तुकडीतला एकही सैनिक साक्ष द्यावयास उरला नसल्यामुळे, टेकडीवर अखेरच्या गोळीपर्यंत झुंजणाऱ्या वीरांचे जे चित्र वृत्तपत्रांनी व चित्रकारांनी रंगविले, तेच पुढे शंभर वर्षे इतिहास म्हणून मान्य झाले. जेत्यांचे साक्षीदार पुष्कळ हयात होते. दुभाष्यांनी त्यांच्या कैफियती उतरूनही घेतल्या होत्या. परंतु फळी फुटली, शिपाई भेदरून एका जागी घोळके करू लागले, असे त्यांपैकी अनेकजण सांगत असल्याने त्या कैफियती दप्तरदाखल झाल्या एवढेच.

१९८३ च्या ऑगस्टात वणव्याने त्या रणभूमीवरील गवत जळून गेले व जमीन उघडी पडली. त्यानंतरचे दोन उन्हाळे डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे चालविणारे हौशी स्वयंसेवक हाताशी धरून ते रण पिंजून काढले. माणसे ओळीने चालत, यंत्र वाजेल तेथे निशाण रोवले जाई, मागची मंडळी माती हलकेच बाजूला सारून वस्तू जागच्या जागी ठेवीत, आणि मोजणीदार येऊन तिची दिशा, खोली, गोळी असल्यास तिचे तोंड कोणीकडे आहे, हे सारे टिपून घेईपर्यंत तिला कोणी हात लावीत नसे.

रिकाम्या पुंगळीच्या बुडावर बंदुकीच्या सुईचा जो ठसा उमटतो तो प्रत्येक बंदुकीचा निराळा. तेव्हा एकाच ठशाच्या पुंगळ्या दोन ठिकाणी आढळल्या, तर ती बंदूक येथून तेथे गेली हे उघड होते. त्याच रणातील कॅलहून टेकडीजवळच्या एका उंचवट्यावर योद्ध्यांकडील हेन्री बनावटीच्या बंदुकांच्या इतक्या पुंगळ्या निघाल्या की संशोधकांनी त्याला हेन्रीव्हिल असेच नाव दिले. घोडेस्वारांची सरकारी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, एका बाराची, तर योद्ध्यांच्या अनेक बंदुका भराभर बार काढणाऱ्या. तापलेल्या कार्बाइनीत तांब्याच्या पुंगळ्या अडकल्या म्हणून घात झाला, ही पराभवाची जुनी सबबही लंगडी पडली, कारण अडकलेली पुंगळी उचकटताना पडणारे ओरखडे फारच थोड्यांवर दिसले.

चित्रांतल्या त्या अखेरच्या झुंजीच्या टेकडीवर सैन्याच्या पुंगळ्या तुरळक मिळाल्या, त्यावरून तेथे नेटाचा प्रतिकार झालाच नाही असे फॉक्स मानतो. हे मला तितकेसे पटत नाही. त्याच जागी शतकभर प्रवासी आठवण म्हणून दिसेल ते उचलून नेत आले होते. कॅलहून टेकडीकडून फळी मोडत गेली, या योद्ध्यांच्या कथनाला मात्र जमिनीतला पुरावा पुष्कळच जुळतो.